गोव्यात पावसात भाड्याची स्कूटर: माझे १०,२५० रुपये कसे गेले

९,००० रुपये स्कूटरच्या ‘नुकसानभरपाई’चे आणि १,२५० रुपये चुकलेल्या बसचे. एकूण १०,२५०. सहानुभूती मिळवायला मी हे लिहीत नाही. पावसाळ्यात पाठीला सॅक लावून, एसटीने, स्वस्तातल्या डॉर्ममध्ये राहून गोवा बघणारे माझ्यासारखे बरेच आहेत आणि हा सापळा नेमका त्यांच्यासाठीच लावलाय. ओरखड्यांच्या नावाखाली पैसे उकळतात हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. या धंद्यात पावसाचा वापर कसा करून घेतात ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

उत्तर गोव्यातलं किनाऱ्यावरचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की लोक ते गाव टाळतात आणि शेजारच्या गावात जाऊन तेच करून घेतात. जुलै महिना. कोल्हापूरहून आंबोली घाटातून येणाऱ्या एसटीने म्हापशाला उतरले आणि तिथून कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, गावात. पहिली संध्याकाळ बरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून जो पाऊस लागला, तो डॉर्मच्या पत्र्यावर इतका आपटत होता की शेजारच्या खाटेवरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आदल्या दिवशी धुतलेले कपडे तसेच ओले. किनाऱ्यावर लाल बावटे, पाण्याजवळ गेलं की जीवरक्षक शिट्टी मारणार. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या खानावळी, सगळे उतरवलेले, वाळूत नुसत्या खुंट्या आणि निळी ताडपत्री. होड्या झाकून वर ओढलेल्या. अशा दिवशी माणूस करणार काय? मला केरीला जायचं होतं, तिथून फेरीबोटीने तेरेखोलचा किल्ला. बसने ते एका दिवसात जमणारं नव्हतं. हॉस्टेल सांभाळणारा मुलगा म्हणाला, “स्कूटर घ्या ना ताई, ओळखीचा आहे, पावसाळी भाव लावेल.” नंबर त्यानेच दिला. त्याला कमिशन मिळतं हे नंतर कळलं.

पावसाळी भाव म्हणजे दिवसाला ३५० रुपये. तीन दिवसांचे १,०५० आणि २,००० डिपॉझिट. शिवाय मूळ ड्रायव्हिंग लायसन्स त्याच्याकडे ठेवायचं. मी म्हटलं, डिजिलॉकरवर आहे, तेच दाखवते. तर म्हणाला, “ताई, दाखवून काय करू? गाडी घेऊन गेलात तर कुठे शोधू?” स्वच्छ मराठीत, शांतपणे बोलत होता. बोलण्यात कुठे अरेरावी नाही. मी एकटी, पाऊस कोसळतोय, आणि समोरचा माणूस ताई ताई करून बोलतोय. अशा वेळी संशय घ्यायचा तो कशावरून?

स्कूटर दुकानाबाहेर उघड्यावर उभी होती. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. शेडमध्ये जागा असूनही गाडी बाहेर पावसात. अंगभर लाल चिखल उडालेला, नंबरच्या पाटीपासून बाजूच्या पॅनेलपर्यंत. मी फोन काढला आणि गाडीभोवती फिरत व्हिडिओ घ्यायला लागले. हे ठासून सांगते, कारण नंतर मला सगळ्यांनी एकच विचारलं, ‘व्हिडिओ नाही काढलास का?’ काढत होते! पण स्क्रीन भिजली की बोट चालत नाही, लेन्सवर थेंब, आणि ओल्या चिखलाखाली ओरखडा आहे की पाण्याचा ओघळ हे डोळ्यांनाच कळत नाही तर कॅमेऱ्याला काय कळणार? तेवढ्यात तो छत्री घेऊन माझ्याजवळ आला. “ताई, कशाला भिजताय, फोन जाईल. मी सकाळीच फोटो काढून ठेवलेत, व्हॉट्सॲपवर पाठवतो.” तिथल्या तिथे चार फोटो आले. मी शेडमध्ये उभी राहून पाहिले. डावी बाजू, उजवी बाजू, पुढून, मागून. गाडी चकाचक. “ओके ना?” म्हणाला. मी ‘ओके’ टाइप करून अंगठा पाठवला.

त्या चार फोटोंत सगळं होतं. आजही ते उघडले की डोकं तापतं. ‘सकाळीच काढलेत’ म्हणाला होता, आणि फोटोत स्कूटरखालची जमीन कोरडी ठणठणीत. चाकाखाली धूळ, आणि बाजूला स्कूटरची कडक सावली. पहाटेपासून सूर्याचा पत्ता नव्हता, सावली आली कुठून? मागे झावळ्यांच्या छपराचा शॅक उभा, त्याच्या दारात खडूने लिहिलेला मेनूचा फळा. त्या जागी तेव्हा फक्त खुंट्या होत्या, मी सकाळीच त्यांच्यामधून चालत आले होते. आणि प्रत्येक फोटोच्या वर बारीक अक्षरात ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं. म्हणजे फोटो सकाळचे नव्हते, माझ्यासाठी काढलेलेही नव्हते. सीझनमध्ये कधीतरी काढलेले चार फोटो येईल त्या गिऱ्हाइकाला पुढे ढकलले जातात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत काढल्याची तारीखही उरत नाही, त्यामुळे पुढे सिद्ध काही करता येत नाही.

घरचे म्हणतात, एवढं समोर असून दिसलं नाही? मी त्यांना विचारते, मुसळधार पावसात, ओल्या हातात फोन धरून, समोर माणूस उभा असताना गाडीचा फोटो बघायचा म्हटलं तर तुम्ही गाडीकडे बघाल की तिच्यामागच्या छपराकडे? मी गाडीच बघत होते. त्याने मला गाडीच बघायला लावली होती. आणि एवढ्या पावसात फोटो नीट दिसेनासा झाला तर तेही त्याच्या पथ्यावरच पडणार होतं.

तेरेखोल सुरेख होतं, त्याबद्दल काही लिहीत नाही. गाडी कुठे आपटली नाही, घसरली नाही, कुणाला घासली नाही.

परत द्यायला गेले ती शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला. म्हापशाहून साडेसातची पुण्याची स्लीपर होती, १,२५० रुपयांचं तिकीट. ही वेळ त्याला माहीत होती. गाडी घेतानाच त्याने सहज विचारलं होतं, “परत कधी निघताय, ताई? बस की ट्रेन?” कुणीही विचारलं तरी सांगू नका. अंदाजाची वेळ सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवसाची सांगा.

या वेळी गाडी त्याने शेडमध्ये घेतली. आणि होज पाईप लावून धुवायला लागला. मला वाटलं, नीटनेटका माणूस आहे. धुतली, पिवळ्या फडक्याने पुसली, परत कोरड्या कापडाने पुसली आणि मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरून डाव्या पॅनेलवरून बोट फिरवत नेलं. वीतभर लांब ओरखडा. त्याच्या खाली दोन बारीक. पुढच्या मडगार्डवर एक. एका आरशाच्या कडेला टवका. ज्या माणसाने गाडी देताना चिखलाला हात लावला नाही, तो गाडी घेताना ती आरशासारखी पुसत होता. देताना चिखल, घेताना धुलाई. सगळा धंदा एवढ्यावर चालतो.

मी वाकून पाहिलं. मोठ्या ओरखड्याच्या कडेने तांबूस गंज चढलेला होता. मी म्हटलं, हा जुना आहे, गंज बघा. तो हसलासुद्धा नाही. “समुद्राची हवा आहे ताई, एका रात्रीत गंजतं.” आणि फोन काढून माझाच ‘ओके’ आणि माझाच अंगठा मला दाखवला.

मग लॅमिनेट केलेलं दरपत्रक आलं. पॅनेल ३,८००. मडगार्ड २,१५०. आरसा ४५०. मजुरी १,२००. आणि गाडी गॅरेजमध्ये राहील त्या चार दिवसांचं भाडं १,४००. बेरीज बरोबर ९,०००. डिपॉझिटचे २,००० वजा जाता ७,००० द्या. तोवर कुठून तरी आणखी दोघे येऊन शेडच्या तोंडाशी उभे राहिले होते. काही बोलले नाहीत, बोलायची गरज नव्हती. माझं लायसन्स काढायला त्याने ड्रॉवर उघडला तेव्हा आत रबरबँड लावलेला लायसन्सांचा गठ्ठाच दिसला.

मी म्हटलं, पोलिसांना बोलावते. म्हणाला, “बोलवा. पाटी बघितलीत का गाडीची?”

धुतल्यावर पाटी स्वच्छ दिसत होती. पांढरी, काळी अक्षरं. म्हणजे खाजगी गाडी. भाड्याने द्यायच्या परवानाधारक गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली परवान्याशिवाय वाहन वापरण्याला पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आहे. तो चालवू देणाऱ्याला लागतो तसा चालवणाऱ्यालाही लागू शकतो. हे सगळं त्याने मला तोंडपाठ ऐकवलं. “मला दहा, तुम्हाला दहा. वर गाडी जप्त. बस किती वाजता आहे म्हणालात?” ९,००० हा आकडा कुठून आला ते मला त्या क्षणी कळलं. दंडापेक्षा हजार कमी.

पुण्यात आयुष्यभर पांढऱ्याच पाट्या बघितलेल्या माणसाला, चिखलाने माखलेली पाटी पाहून हा नियम आठवावा अशी अपेक्षा असेल तर ठीक आहे. मला आठवला नाही. तुम्ही मात्र पाटीवर बाटलीभर पाणी ओता आणि मगच गाडीला हात लावा. पांढरी दिसली तर मागे वळा, भाडं १०० रुपये असलं तरी. खाजगी गाडीचा विमाही भाड्याच्या वापराला लागू होत नाही. अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते, आणि मग ९,००० वर भागणार नाही.

५,००० यूपीआयने दिले. स्कॅन केल्यावर नाव आलं भलत्याच बाईचं. “वहिनीचं खातं आहे.” उरलेले २,००० रोख मागितले, पावती नाही. लायसन्स हातात पडेपर्यंत सहा वाजून गेले होते, पाऊस पुन्हा सुरू झालेला, रिक्षा मिळेना. म्हापशाला पोचले तेव्हा बस गेली होती. ट्रॅव्हल्सवाल्याने पैसे परत दिले नाहीत, आणि त्यात त्याची चूकही नाही.

एक गोष्ट तेव्हा सुचली असती तर मी रिकाम्या हाताने निघून आले असते. लायसन्सच्या कार्डाची किंमत काय? परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून दुसरी प्रत काही शे रुपयांत निघते. डिजिलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर मूळ प्रतीइतकंच चालतं. कुणा स्कूटरवाल्याला तुमचं लायसन्स अडवून ठेवायचा काडीचाही अधिकार नाही. तो अधिकार कायद्याने पोलिसांना आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. लायसन्स त्याच्या ड्रॉवरमध्ये कुजू द्या. आधार तर अजिबात देऊ नका.

बस चुकलीच होती, म्हणून थेट पोलीस ठाणं गाठलं. इथून पुढचं लिहिताना माझा राग त्या स्कूटरवाल्यापेक्षा वर चढतो. तो चोरच होता. हे कोण होते?

अंमलदाराने सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, “एकट्याच आलात का फिरायला?” दुसरा, “पांढऱ्या पाटीची गाडी घेतली कशाला?” मी म्हटलं, पांढऱ्या पाटीची गाडी उघड दुकान मांडून भाड्याने दिली जाते, ते दुकान मुख्य रस्त्यावर आहे, तुमची गाडी रोज तिथून जाते. तर म्हणाले, ते आरटीओचं काम. पैसे उकळले त्याचं काय? “तुम्हीच दिले ना? पिन तुम्हीच टाकला ना? हा आपसातला व्यवहार आहे मॅडम, कोर्टात जा.” दोन माणसं वाट अडवून उभी होती, लायसन्स अडवलं होतं, दंडाची भीती घातली होती. भीती घालून पैसे घेणं म्हणजे खंडणी. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ३०८ आहे, फसवणुकीला ३१८ आहे. हे मी बोलल्यावर त्यांचा आवाज बदलला. “वकील आहात का? मग लेखी अर्ज द्या.” दिला. पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बाहेर. सकाळी या. सकाळी गेले तर रात्रीचा अर्ज कुणालाच सापडेना, माणूसही वेगळा. त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने स्कूटरवाल्याला माझ्यासमोर फोन लावला, दोन मिनिटं हसतखेळत बोलला आणि मला म्हणाला, “तो म्हणतो तुम्ही गाडी पाडलीत.” पोलीस आणि आरोपी एकमेकांना नावाने हाक मारतात आणि तक्रारदार बाकावर बसून ऐकतो.

पुण्यात येऊन इथल्या ठाण्यात गेले. “घटना गोव्यातली, तिकडे जा.” १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता घ्यायची. झिरो एफआयआर. मी ते छापून नेलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, परत दिला आणि म्हणाले, “हे सगळं मोठ्या गुन्ह्यांना असतं.” कलमात तसं कुठेही लिहिलेलं नाही. बँकेत गेले तर पिन तुम्ही टाकलात म्हणून व्यवहार अधिकृत, विषय संपला. परिवहन कार्यालयाला गाडीच्या नंबरासकट ईमेल केला, उत्तर आलं की तो संबंधित विभागाकडे पाठवलाय. संबंधित विभाग कुठला ते लिहिलेलं नाही. एम-परिवहन ॲपवर तोच नंबर टाकला तर अर्ध्या मिनिटात कळलं की त्या गाडीच्या विम्याची मुदत केव्हाच संपली आहे. मला फोनवर अर्ध्या मिनिटात दिसतं ते या खात्याला सरकारी संगणकावर दिसत नाही का? पर्यटक म्हणून आमच्याकडून चाललेली कमाई सगळ्यांना हवी आहे. आमची तक्रार मात्र कुणाच्याही हद्दीत बसत नाही.

गोव्याच्या लोकांबद्दल माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. बस चुकल्यावर त्या रात्री हॉस्टेलच्या शेजारच्या चहावाल्या मावशींनी मला गरम पेज जेवायला घातली आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनीच सांगितलं, “त्या गाडीचा तो ओरखडा? तो शिगम्यापासूनचा.” म्हणजे मार्चपासूनचा. त्या एका ओरखड्यावर त्याने किती जणांकडून पॅनेलचे पैसे घेतले असतील? मी विचारलं, ठाण्यात येऊन सांगाल का? मावशी गप्प झाल्या. त्यांना त्याच गावात राहायचंय, मी पुढे काही बोलले नाही.

गाडी घ्यायचीच असेल तर पाऊस थांबल्यावर घ्या, किंवा ती छपराखाली आणायला लावा आणि तुमच्यासमोर पुसायला लावा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान. व्हिडिओ तुमच्याच फोनवर काढा, त्यात तारीख-वेळ तोंडाने बोला, मालकाचा आवाजही येऊ द्या, आणि तो तिथे उभा असतानाच त्याला पाठवा. त्याचे फोटो स्वीकारू नका आणि त्याच्या कुठल्याही मेसेजला ‘ओके’ म्हणू नका. पैसे मागायला लागला की देण्याच्या आधी ११२ लावा. एकदा पैसे दिले की पोलिसांच्या लेखी तो व्यवहार होतो, हे मी माझ्या पैशांनी शिकले आहे. दंडाच्या धमकीला घाबरू नका. दंड सरकारजमा होतो आणि त्याची पावती मिळते, शिवाय गाडी त्याची जप्त होते, तुमची नाही. त्याला ते तुमच्यापेक्षा जास्त नको असतं. आणि देणं भागच पडलं तर सगळे यूपीआयने द्या, शेऱ्यात ‘जबरदस्तीने घेतलेली भरपाई’ असं लिहून. माझे रोख दिलेले २,००० आता कुठल्याही कागदावर नाहीत.

ठाण्याने नोंद घेतली नाही तर त्याच कलम १७३च्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते. मी स्पीड पोस्टने पाठवली आहे, सोबत चारही फोटोंचे स्क्रीनशॉट, शॅकच्या छपराला आणि सावलीला लाल गोल करून. पोचल्याची नोंद आली, पुढे अजून काही नाही. त्या माणसाच्या स्टेटसवर मात्र परवाही ‘मान्सून ऑफर ३५०’ झळकत होती, फोटो तोच.

कोरड्या जमिनीवर उभी स्कूटर, मागे झावळ्यांचा शॅक आणि खडूचा फळा, असा फोटो भर पावसात तुमच्याही फोनवर आला असेल आणि तुमचेही पैसे गेले असतील, तर रक्कम कितीही लहान असो, स्क्रीनशॉट जोडून उत्तर गोव्याच्या अधीक्षकांना स्पीड पोस्ट करा. माझा एकटीचा अर्ज आपसातला व्यवहार म्हणून बाजूला सारता येतो. एकाच फोटोचे पाच अर्ज एका टेबलावर आले की तसं म्हणणं त्यांना जड जाईल.